पहिले चित्र, पहिला ग्राहक

मुंबई, नागपूर, पुणे, बडोदे, इंदूर, पणजी अशा शहरांतील कलाविद्यालयांतून दर वर्षी पदविका किंवा पदवी घेतलेले अनेक तरुण चित्रकार आणि शिल्पकार बाहेर पडतात. रेषा कशी चालवावी, रंग कसा लावावा, मानवी देहाची प्रमाणे कशी सांभाळावी, हे सारे त्यांना चार-पाच वर्षांत शिकवलेले असते. शिकवावयाचे राहून जाते ते एवढेच, की तयार झालेले चित्र कोणत्या भिंतीवर टांगावे, ते कोणाच्या दृष्टीस पडावे, आणि ‘ह्याची किंमत काय?’ असे कोणी विचारले तर मान खाली न घालता उत्तर काय द्यावे. विद्यालयाच्या फाटकाबाहेर पाऊल पडताच पहिला प्रश्न हाच येतो. त्याचे उत्तर न सापडल्यामुळे कुंचला कायमचा खाली ठेवणाऱ्यांची संख्या, चित्रे वाईट होती म्हणून तो खाली ठेवणाऱ्यांपेक्षा कमी नसावी.

ह्या प्रश्नाभोवती दोन समजुती फार दिवसांपासून रेंगाळत आहेत. खऱ्या गुणाला कोणी तरी जाणकार आपण होऊन शोधीत येतोच, ही एक. आणि विक्रीचा विचार करणारा कलावंत कलेशी थोडी प्रतारणाच करतो, ही दुसरी. पहिली समजूत आळसाला आधार देते, दुसरी संकोचाला. राजा रविवर्म्यांसारख्या राजमान्य चित्रकारालाही केवळ संस्थानिकांच्या दिवाणखान्यावर समाधान मानावेसे वाटले नाही. १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. धंदा म्हणून तो त्यांना सुखाचा झाला नाही, अखेर तो विकावा लागला. परंतु चित्र लोकांपर्यंत पोहोचवणे हा चित्रकाराच्या कामाचाच भाग आहे, ही गोष्ट त्यांनी कृतीने दाखवली. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी ज्या घरांत पूजेला लागल्या, त्या घरांनी तोवर विकत घेतलेले दुसरे चित्र पाहिलेही नसेल.

नवोदितांसाठी सर्वांत जुना आणि आजही सर्वांत स्वस्त मार्ग आहे तो कलासंस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांचा. बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना १८८८ची. आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ची. दिल्लीत ऑल इंडिया फाइन आर्ट्स अँड क्राफ्ट्स सोसायटी १९२८ पासून आणि कलकत्त्यात अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्स १९३३ पासून हेच कार्य करीत आल्या आहेत. १९५४ साली स्थापन झालेल्या ललित कला अकादमीचे राष्ट्रीय प्रदर्शन आणि महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयाचे राज्य कला प्रदर्शन ही त्याच जातीची. राज्य प्रदर्शनात तर विद्यार्थ्यांचा विभाग वेगळा असतो. पद्धत सर्वत्र साधारण सारखी: ठरलेल्या मुदतीत प्रवेशपत्र आणि अल्प शुल्क भरावयाचे, चित्रे किंवा त्यांची छायाचित्रे पाठवावयाची, आणि निवड समितीच्या निर्णयाची वाट पाहावयाची. निवड झाली की भिंत, दिवे, उद्घाटन, माहितीपत्रिका हा सगळा खर्च संस्थेचा. प्रवेशपत्रावर एक रकाना किमतीचा असतो. अनेक नवखे कलावंत तो संकोचाने कोरा सोडतात किंवा ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहून मोकळे होतात. तो रकाना विचारपूर्वक भरणे ही व्यवसायाची पहिली पायरी होय.

ह्या प्रदर्शनांची योग्यता केवळ पदकांत नाही, पण पदकांचा इतिहासही तुच्छ लेखण्यासारखा नाही. गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ लोकांसमोर आली ती ते विद्यार्थी असताना, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनातूनच. अमृता शेरगिल यांच्या तीन मुलींच्या चित्राला ह्याच संस्थेने १९३७ साली सुवर्णपदक दिले. मूळचे इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे, ज्यांनी पुढे बडोद्यात एक पिढी घडवली, त्यांच्याही प्रारंभीच्या कीर्तीत सोसायटीच्या पुरस्कारांचा वाटा आहे. प्रदर्शनाच्या माहितीपत्रिकेत नाव, चित्राचे शीर्षक, माध्यम आणि किंमत छापली जाते. पुढे दहा वर्षांनी एखाद्या चित्राचा पूर्वेतिहास सिद्ध करावयाची वेळ येते, तेव्हा ती चार ओळींची नोंद कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा अधिक उपयोगी पडते.

निवड न होणे हेही ह्या मार्गात गृहीत धरावे लागते. निवड समितीची एक रुची असते, आणि रुची म्हटली की तिची कुंपणेही आली. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, त्याच्या मुळाशी प्रस्थापित प्रदर्शनांच्या रुचीविषयीचा असंतोष मोठ्या प्रमाणात होता. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे हे सहा जण एकत्र आले. गंमत अशी, की १९४९ साली मुंबईत ह्या मंडळींचे जे प्रदर्शन मुल्कराज आनंद यांच्या हस्ते उघडले, ते रॅम्पार्ट रो वरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच दालनात. बंडखोरालाही भिंत लागतेच, आणि ती बहुधा ज्याच्याविरुद्ध बंड करावयाचे त्याच्याच मालकीची असते.

ह्या सहा जणांची कहाणी नेहमी शैलीच्या अंगाने सांगितली जाते. तिच्यातील व्यवहाराचा भाग त्याहून बोधप्रद आहे, कारण त्यांची पहिली चित्रे कोणी घेतली ह्याचे उत्तर फारसे अपेक्षित नाही. त्या काळी मुंबईत चित्रविक्रीची म्हणावी अशी दुकाने नव्हती. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईस स्थिरावलेले तीन गृहस्थ होते: ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासंचालक असलेले वॉल्टर लँगहॅमर, त्याच पत्रात कलासमीक्षा लिहिणारे रुडॉल्फ फॉन लायडन, आणि औषधांच्या उद्योगात शिरलेले इमॅन्युएल श्लेसिंजर. लँगहॅमर ह्यांच्या घरी तरुण चित्रकारांची बैठक जमे. चित्रे पाहिली जात, त्यांवर वाद होत. फॉन लायडन लिहीत, आणि श्लेसिंजर विकत घेत. घरकाम आणि मोटारी धुण्याचे काम करणाऱ्या आरांमधला चित्रकार ओळखणाऱ्यांत फॉन लायडन होते. ह्या तिघांपैकी कोणीही फार मोठा धनिक नव्हता. पण शिकवणारा, लिहिणारा आणि घेणारा अशी तीन माणसे एका शहरात एकमेकांना भेटत होती, एवढ्याने एका पिढीचा पाया घातला गेला.

चौथे नाव केकू गांधी यांचे. त्यांचा ‘केमोल्ड’चा व्यवसाय १९४१ च्या सुमारास सुरू झाला तो चित्रांच्या चौकटी बनवण्याचा. चौकटीच्या दुकानात चौकट दाखवावयाची तर तिच्यात काही तरी हवे. गांधींनी तरुण चित्रकारांची चित्रे तिच्यात बसवून दुकानात लावली. तसबीर मढवावयास आलेले गिऱ्हाईक ती पाही, आणि क्वचित एखादे चौकटीसकट चित्रही घेऊन जाई. १९६३ साली जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर त्यांनी गॅलरी केमोल्ड काढली, ती ह्याच अनुभवातून. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील धूमीमल गॅलरीचाही, १९३६ सालापासूनचा, वंश असाच दुकानदारीतला. लेखनसाहित्याच्या व्यवसायातून ती चित्रांकडे वळली.

ह्यातून नवोदिताने घ्यावयाची गोष्ट साधी आहे. चित्राचा पहिला ग्राहक चित्रदालनात येणारा रसिक असतोच असे नाही. बहुधा तो दुसऱ्याच कामासाठी आलेला माणूस असतो. नागपूरजवळ जन्मलेल्या आणि नागपूर व मुंबईच्या कलाविद्यालयांत शिकलेल्या बी. प्रभा यांचे उदाहरण ह्या बाबतीत पाहण्यासारखे आहे. त्यांच्या अगदी आरंभीच्या प्रदर्शनातील तीन चित्रे घेतली ती डॉ. होमी भाभा यांनी. अणुशास्त्रज्ञ असलेले भाभा टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींसाठी मुंबईतील प्रदर्शने हिंडून नवी चित्रे निवडीत. १९५६ साली एअर इंडियाने प्रभाबाईंची सहा चित्रे विकत घेतली, प्रत्येकी ८७ रुपये ५० पैसे किमतीला. विमान कंपनीला आपली देशोदेशींची कचेरी सजवावयाची होती. तिकीट काढण्यासाठी आलेल्या परदेशी प्रवाशाला रांगेत उभ्या उभ्या भारताचे दर्शन घडावे, एवढाच त्यामागील हेतू; पण त्या हेतूने शेकडो चित्रकारांच्या चुली पेटल्या. कंपनीचा चित्रसंग्रह हजारांवर गेला आणि २०२३ साली तो राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्यात आला. ह्याच कंपनीने १९६७ साली साल्वादोर दाली यांच्याकडून एक रक्षापात्र घडवून घेतले, आणि त्या विक्षिप्त थोर कलावंताने मोबदल्यात मागितले हत्तीचे पिल्लू. ते त्यांना विमानाने पोहोचते केले गेले. नवोदितांनी मोबदल्याच्या ह्या प्रकाराचे अनुकरण न केलेले बरे.

भाभा आणि एअर इंडिया ह्यांच्यासारखे ग्राहक आज जसेच्या तसे मिळणार नाहीत. परंतु डॉक्टरांची प्रतीक्षागृहे, वास्तुविशारदांची कार्यालये, बँका, ग्रंथालये, शाळा, उपाहारगृहे ह्या भिंती प्रत्येक गावात आहेत. मिरज, अकोला किंवा बेळगाव येथील चित्रकाराला मुंबईच्या दालनाची वाट पाहण्याआधी आपल्याच गावातील दोन वास्तुविशारदांना आणि एका चौकटवाल्याला भेटता येते. घर नुकतेच रंगवून झालेल्या माणसाची रिकामी भिंत त्यांनाच सर्वांत आधी ठाऊक असते.

आता भाड्याने घ्यावयाच्या दालनाकडे वळावे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून मुंबईत काळा घोड्याजवळ उभे राहिलेले जहांगीर कलादालन १९५२ साली उघडले. त्याच्या भिंतीवर आपले चित्र लागावे, ही तेव्हापासून मराठी चित्रकाराची पंढरीची वारी होऊन बसली आहे. तेथे अर्ज करावा लागतो, कामाचे नमुने दाखवावे लागतात, आणि तारीख मिळावयास वर्षेही लागतात. ही प्रतीक्षा नवख्याला अन्याय वाटते. वस्तुतः ती त्याच्या हिताची ठरू शकते, कारण पदविका हाती पडताच एकल प्रदर्शन भरवण्याइतकी घातक घाई दुसरी नाही. हिशेब करून पाहावा. एका आठवड्याचे भाडे, पंचवीस-तीस चौकटी, वाहतूक, निमंत्रणपत्रिका, माहितीपत्रिका, परगावचा असल्यास राहण्याचा खर्च, हे सर्व कर्ज काढून किंवा वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीला हात घालून केले जाते. उद्घाटनाला नातेवाईक येतात, चहा पितात, कौतुक करतात. आठवड्याअखेर चित्रे टेम्पोत भरून घरी परततात, आणि पुढची दोन वर्षे चित्रकार कर्ज फेडीत बसतो. चित्रकलेतून कायमचे निघून जाण्याचा हा सरळ रस्ता आहे.

त्यापेक्षा चार-पाच समविचारी मित्रांनी मिळून लहान दालन घ्यावे. खर्च वाटला जातो, आणि प्रत्येकाचे ओळखीचे लोक इतरांचीही चित्रे पाहतात, हा लाभ त्याहून मोठा. प्रत्येकाने सहा-सातच चित्रे मांडावी, पण ती एका मनाची वाटावीत. निसर्गदृश्य, व्यक्तिचित्र, अमूर्त रचना आणि गणपती असे सर्व काही थोडे थोडे मांडणारा चित्रकार पाहणाऱ्याच्या ध्यानातच राहत नाही. जहांगीरमध्ये पावसाळ्यात नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या तरुणांसाठी ‘मान्सून शो’ भरतो. कोचीच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनाला जोडून २०१४ पासून विद्यार्थ्यांचे वेगळे प्रदर्शनही भरू लागले. अशा जागा आधी धुंडाळाव्या.

दालन घेतल्यावर करावयाच्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण विक्री त्यांवरच अवलंबून असते. चित्रकाराने स्वतः दिवसभर हजर असावे. चित्रे छातीच्या नव्हे, डोळ्यांच्या उंचीला लावावी आणि दोन चित्रांमध्ये श्वास घेण्याइतके अंतर ठेवावे. दारापाशी छापील दरपत्रक असावे, कारण किंमत विचारण्याचाही अनेकांना संकोच वाटतो, आणि संकोचलेला ग्राहक न विचारताच परततो. विकल्या गेलेल्या चित्राशेजारी लाल टिकली लावण्याचा जो प्रघात आहे तो दिखाऊ वाटला तरी पाळावा. पहिली टिकली दुसरीला बोलावते. आणि अभिप्रायवहीत ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ लिहून गेलेल्यांचे पत्ते जपून ठेवावे. पहिल्या प्रदर्शनाची खरी मिळकत बहुधा तीच असते. चित्र पाहताक्षणी घेणारे थोडे. तिसऱ्यांदा पाहून, घरी चर्चा करून, वर्षभराने घेणारेच पुष्कळ.

किमतीचा प्रश्न सर्वांत नाजूक. कित्येक तरुण नामांकित चित्रकाराची किंमत ऐकतात आणि तिला अर्ध्याने भागतात. कित्येक रंगाचा आणि कापडाचा खर्च तेवढा भरून निघाला की धन्य होतात. दोन्ही रीती चुकीच्या. रंग, कॅनव्हास आणि चौकट ह्यांचा खर्च, चित्राला लागलेल्या दिवसांची किमान मजुरी, आणि चित्र विक्रेत्यामार्फत गेले तर त्याचा हिस्सा, जो साधारणतः तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंत असतो, एवढे धरून पहिली किंमत काढावी. एकाच माध्यमाच्या चित्रांना आकारमानाप्रमाणे समान दर ठेवावा. आपले लाडके चित्र महाग आणि नावडते स्वस्त असे करू नये. ग्राहकाला त्या लाडाचे कारण ठाऊक नसते. दर हळूहळू वाढवता येतो, उतरवता मात्र येत नाही, कारण आधी अधिक पैसे मोजलेल्या माणसाचा तो विश्वासघात होतो. घरून विकलेले चित्र दालनातल्यापेक्षा स्वस्त देणे हाही तसलाच प्रकार. विक्रेत्याला ते कळले, आणि ते कळतेच, की संबंध संपतो.

स्वस्त विकणे म्हणजे हलके विकणे नव्हे, हे यामिनी राय यांनी दाखवून दिले. युरोपीय पद्धतीच्या व्यक्तिचित्रणातून नाव आणि पैसा मिळत असताना तो मार्ग सोडून ते बंगालच्या पटचित्रांकडे वळले, घरगुती रंग वापरू लागले, आणि कलकत्त्यातील आपल्या राहत्या घरातच चित्रे मांडून बसले. मध्यमवर्गीय माणसाला चित्र विकत घेता यावे, म्हणून किंमत त्यांनी जाणूनबुजून कमी ठेवली, आणि एकाच रचनेची चित्रे पुनःपुन्हा काढण्यात त्यांना उणेपणा वाटला नाही. आज हीच वाट मुद्राचित्रांनी मोकळी केली आहे. धातूच्या पत्र्यावरून, लाकडी ठोकळ्यावरून वा दगडावरून घेतलेल्या पंचवीस छापांपैकी पाचवा, असे ‘५/२५’ पेन्सिलीने लिहून खाली सही केली की प्रत्येक छाप मूळ कलाकृतीच ठरतो. मात्र पंचवीस म्हटल्यावर सव्विसावा छाप काढावयाचा नाही, ही त्यातील प्रतिज्ञा आहे. ज्याला मोठे तैलचित्र परवडत नाही असा शिक्षक किंवा नवविवाहित दांपत्य अशा छापापासून संग्राहक होऊ लागते.

ह्या वर्गासाठी कलाजत्रा भरतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललितकला विभागाच्या जत्रेसाठी विद्यार्थीच नव्हेत तर के. जी. सुब्रह्मण्यन यांच्यासारखे गुरुजनही खेळणी घडवीत. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या जन्मदिनाच्या आदल्या दोन दिवशी नंदन मेळा भरतो. बंगळुरूची चित्रसंते तर जानेवारीतील एका रविवारी अख्खा रस्ताच ताब्यात घेते. तेथे भाजी घ्यावी तसे लोक चित्रे घेतात, घासाघीसही करतात. काही चित्रकारांना हे मानहानीचे वाटते. पण अनोळखी माणूस आपल्या चित्रासमोर किती क्षण थांबतो, आणि कशामुळे पुढे सरकतो, हे शिकण्याची इतकी चांगली शाळा दुसरीकडे नाही. मद्रासजवळ १९६६ साली के. सी. एस. पणिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसवलेले चोळमंडल हे कलावंतांचे गाव तर बाटिकच्या कापडविक्रीतून उभे राहिले. चित्रे विकली जात नव्हती, म्हणून त्यांनी हाताने रंगवलेली वस्त्रे विकली, त्या पैशांतून समुद्रकाठची जमीन घेतली, आणि मग निश्चिंतपणे चित्रे काढली.

चित्रावाचून इतर कामावर पोट चालवणे हेही ह्याच संदर्भात पाहावे. हुसेन यांनी चित्रपटांचे फलक रंगवले आणि लाकडी खेळण्यांची रेखाटने केली. प्रभाकर बरवे यांनी वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, प्रथम वाराणसीत व नंतर मुंबईत, कापडाच्या संकल्पनाकाराचे काम सुमारे दोन दशके केले. वाराणसीच्या मुक्कामाने तर त्यांच्या चित्रांनाच वळण दिले. सुधीर पटवर्धन हे ठाण्यात २००५ पर्यंत क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत होते. पहिल्या पाच-सात वर्षांत चित्राने घर चालवावे, ही अपेक्षा चित्रावर अन्याय करते. भाडे थकलेल्या महिन्यात काढलेले चित्र ग्राहकाच्या तोंडाकडे पाहत असते.

पदविका नसलेल्या, शहरापासून दूर असलेल्या कलावंताचे काय? १९६६-६७च्या दुष्काळात बिहारमधील मिथिलेच्या स्त्रियांना काम मिळावे म्हणून पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने तिकडे जो चित्रकार कागद घेऊन गेला तो मराठी होता, भास्कर कुलकर्णी. भिंतीवर लग्नकार्यात रेखाटली जाणारी चित्रे त्यांनी कागदावर काढावयास सुचवली, आणि जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी ही नावे देशाला कळली. पुढे डहाणू तालुक्यातील गंजाड परिसरात कुलकर्णींना जिव्या सोमा मशे भेटले. वारली समाजात लग्नाचा चौक लिहिणे हे सुवासिनींचे काम; मशे मात्र विधी नसतानाही, केवळ आनंदासाठी, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढीत. १९७५ साली गॅलरी केमोल्डमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ह्या कथेतील लक्ष देण्याची गोष्ट मध्यस्थाची आहे. कुलकर्णींनी चित्राबरोबर चित्रकाराचे नावही शहरात आणले. सगळेच मध्यस्थ तसे नसतात. ‘वारली चित्र’ किंवा ‘मधुबनी चित्र’ म्हणून निनावी विकल्या गेलेल्या असंख्य कागदांमागे हात होते, नावे नव्हती. आणि ज्याचे नाव नाही त्याची किंमत दर वेळी नव्याने, खालून सुरू होते. चित्रावर सही आणि मागील बाजूस नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम व आकार लिहिणे, ही सवय पहिल्याच चित्रापासून लागली पाहिजे.

विक्रेत्याकडे चित्रे ठेवताना तोंडी बोलण्यावर राहू नये. कोणती चित्रे, किती किमतीची, किती महिन्यांसाठी दिली, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळणार, चित्र खराब झाल्यास नुकसान कोणाचे, एवढे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्या. सरळ विक्रेता ह्याला कधीच हरकत घेत नाही. दूरध्वनीच्या पडद्यावर चित्रे दाखवून विकण्याची जी सोय आता झाली आहे तिच्यामुळे रत्नागिरीच्या चित्रकाराला गुवाहाटीचा ग्राहक मिळू शकतो; तेथेही नियम जुनाच, की रक्कम खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्याची बँकेकडून खात्री होईपर्यंत चित्र घराबाहेर काढू नये.

पावतीपुस्तकाचे महत्त्व कायद्यामुळे आणखी वाढते. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकले म्हणजे त्याचा कॉपीराइट आपोआप विकला जात नाही. ग्राहक ते भिंतीवर लावू शकतो, दुसऱ्याला विकू शकतो, पण चित्रकाराच्या संमतीवाचून दिनदर्शिकेवर छापू शकत नाही. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राची गोष्ट वेगळी. तेथे उलट करार नसेल तर हक्क काढवून घेणाऱ्याकडे जातो, म्हणून अशा वेळी आधीच लिहून घेणे शहाणपणाचे. १९९४ च्या दुरुस्तीने आणखी एक हक्क दिला. मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला झाली, तर त्या रकमेत चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा हिस्सा असतो, तो दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावा एवढीच मर्यादा. ही तरतूद व्यवहारात क्वचितच उतरते. आणि आपले चित्र कोणाकडे गेले हेच ज्याने लिहून ठेवले नाही, त्याला तर ती मागण्याची सोयच उरत नाही.

विकलेल्या वस्तूशी कलावंताचे नाते संपत नाही, हे न्यायालयानेही मान्य केले आहे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होते. १९७९ साली त्यांना न विचारता ते काढून भांडारात टाकण्यात आले. त्यांनी दावा लावला. शिल्पाची मालकी सरकारची, पैसेही पूर्वीच चुकते झालेले. तरी २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल सेहगल यांच्या बाजूने दिला, उरलेले अवशेष त्यांना परत करावयास सांगितले आणि पाच लाख रुपयांची भरपाईही दिली.

नोंदीचा उपयोग कधी होईल ते सांगता येत नाही. १९५४ साली हुसेन यांनी ‘ग्रामयात्रा’ नावाचे चित्र काढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेल्या लिओन एलियास वोलोडार्स्की नावाच्या नॉर्वेवासी डॉक्टरांनी ते विकत घेतले, सोबत नेले, आणि १९६४ साली ओस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाला देऊन टाकले. तेथे ते काही दशके रुग्णालयाच्या भिंतीवर होते. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते एक कोटी अडतीस लाख डॉलरांना गेले, आणि भारतीय कायद्यातील पुनर्विक्रीचा हिस्सा तेथे लागू नव्हता. हुसेन त्यापूर्वी चौदा वर्षे निवर्तले होते. चित्र खरे असल्याविषयी मात्र कोणालाही शंका घ्यावी लागली नाही, कारण ते कोणाच्या हातून कोणाकडे गेले, ह्याची साखळी पहिल्या ग्राहकापासून अखंड होती.